मी कोण, हे थ्रेडला कसे कळते?

एका प्रोग्रामच्या पोटात चार थ्रेड चालू आहेत. चौघांची मेमरी एक, कोड एक, उघडलेल्या फाइली त्याच. कदाचित या क्षणी चौघेही एकाच फंक्शनच्या एकाच ओळीवर असतील. अशा वेळी त्यातल्या एकाने ‘मी कोण?’ असे विचारले, तर त्याला उत्तर कोण देणार आणि कशावरून देणार? प्रोग्राम बिघडला की सर्वांत आधी हाच प्रश्न उभा राहतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक यांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की यंत्राच्या पोटातली एक विलक्षण व्यवस्था समोर येते.

उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या कळवणचे घेऊ. बाजार समितीत उन्हाळ कांद्याचे दिवस आहेत. फाटकावर आवक नोंदवली जाते आहे, ओळीने उभ्या ट्रॅक्टर आणि पिकअपपाशी बोली लागते आहे, भुईकाट्यावर वजने होताहेत आणि तिकडे हिशेबपट्ट्या निघताहेत. या सगळ्यासाठी आपण एकच प्रोग्राम लिहिला आणि त्यात चार थ्रेड ठेवले असे समजा: आवक, लिलाव, काटा आणि पट्टी. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला सूचनांचा एक स्वतंत्र प्रवाह. त्याला स्वतःचा स्टॅक असतो, प्रोसेसरच्या रजिस्टरांतल्या स्वतःच्या किमती असतात. बाकी सगळा संसार सामाईक.

आता एक पिकअप काट्यावर येते. भरलेली गाडी ३,८४० किलो. खळ्यावर माल खाली करून ती परत काट्यावर येते, तेव्हा रिकामी गाडी १,७९० किलो. म्हणजे कांदा २,०५० किलो, साडेवीस क्विंटल. ‘काटा’ हे दोन आकडे सामाईक मेमरीत लागोपाठ लिहितो, आधी भरलेल्या गाडीचा, मग रिकाम्या गाडीचा. ‘पट्टी’ ते वाचून पैशांचा हिशेब करतो. एकाचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून धरणारे कुलूप या दोघांच्या मध्ये घालायचे राहून गेले आहे. त्यामुळे क्वचित असे होते, की पहिला आकडा लिहून झाला, दुसरा अजून लिहायचा आहे, आणि नेमक्या त्या फटीत ‘पट्टी’ वाचून जातो. भरलेले वजन या गाडीचे, रिकामे वजन आधीच्या गाडीचे. ती आधीची गाडी रिकामी १,६४० किलो असेल तर पट्टीवर २,२०० किलो कांदा लागेल. आकडा चुकीचा आहे, पण दिसायला अगदी रास्त आहे. बावीस क्विंटल कांदा भरलेली पिकअप पाहून कुणाची भुवई वर जाणार नाही.

ही फट नॅनोसेकंदांची आहे. ऑफिसातल्या विंडोजच्या पीसीवर ती दिवसातून एकदा सापडेल, लिनक्सच्या सर्व्हरवर महिन्यात एकदा, आणि ज्याने प्रोग्राम लिहिला त्याच्या मॅकवर कधीच नाही. प्रत्येक यंत्रणा थ्रेडांना आपापल्या पद्धतीने पाळी देते, म्हणून कोड तोच राहूनही प्रसंग बदलतात. शोध घ्यायचा तर प्रोग्रामच्या लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या नोंदवहीतल्या, प्रत्येक नोंदीसोबत ती नोंद कोणत्या थ्रेडने केली हे लिहून ठेवायला हवे. मग लॉग वाचताना ‘काटा’च्या दोन नोंदींच्या मध्ये घुसलेली ‘पट्टी’ची नोंद डोळ्यांना दिसते. इतके साधे वाटणारे काम. पण ‘कोणत्या थ्रेडने’ हे लिहायचे कसे?

लिनक्सवर पीथ्रेड सेल्फ नावाचे फंक्शन आहे. थ्रेड त्या फंक्शनला हाक मारतो आणि उत्तरादाखल त्याला एक संख्या मिळते, उदाहरणार्थ १४०७३७३५१५५८९७६. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी कचरा छापला गेला. तो कचरा नसतो. तो मेमरीतला एक पत्ता आहे. प्रत्येक थ्रेडसाठी एक छोटी माहितीपेटी मेमरीत ठेवलेली असते आणि त्या पेटीची जागा हीच त्या थ्रेडची ओळख मानली जाते.

आणि इथेच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. चौघांची मेमरी एक असताना प्रत्येकाला नेमकी आपलीच पेटी कशी सापडते? इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत एफएस आणि जीएस नावाची दोन रजिस्टरे आहेत. १९८५ साली आलेल्या ३८६ प्रोसेसरमध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. पुढे ६४ बिटांचा जमाना आला, सेगमेंटची जुनी व्यवस्था जवळजवळ मोडीत निघाली, पण ही दोन रजिस्टरे राखली गेली. लिनक्समध्ये एफएस आणि ६४ बिटी विंडोजमध्ये जीएस हे रजिस्टर चालू थ्रेडच्या माहितीपेटीकडे बोट दाखवते. इंटेलच्या मॅकवरही जीएसच. मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरांत याच कामासाठी वेगळे रजिस्टर राखून ठेवले आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, एका थ्रेडला थांबवून दुसऱ्याला पाळी देतो तेव्हा बाकीच्या रजिस्टरांबरोबर हेही बदलतो. बस, एवढेच. सारी मेमरी, सारा कोड तोच ठेवून फक्त हे एक बोट हलवले की ‘मी’ बदलतो. सेकंदाला हजारो वेळा हे घडते आणि एकदाही गल्लत होत नाही. संगणकशास्त्रात मला याहून सुंदर रचना फार थोड्या भेटल्या आहेत.

पण या पत्त्याला एक खोड आहे. थ्रेड संपला की त्याची जागा लगेच मोडून टाकली जात नाही. लिनक्सची मूळ लायब्ररी ती पुढच्या थ्रेडसाठी राखून ठेवते. म्हणून एक थ्रेड संपून लगेच दुसरा जन्मला, तर दुसऱ्याला पुष्कळदा तोच पत्ता मिळतो. बंद पडलेला मोबाइल नंबर कंपनीने दुसऱ्या ग्राहकाला द्यावा आणि जुन्या नातेवाइकांचे फोन त्याला येत राहावेत, तसे लॉगमध्ये होते. सकाळच्या नोंदी एकाच्या, दुपारच्या दुसऱ्याच्या, आणि संख्या एकच. वाचणारा दोघांना एक समजून तासन्‌तास भलत्याच वाटेने जातो.

म्हणून कर्नलने दिलेला क्रमांक वेगळा घ्यावा लागतो. लिनक्सचा कर्नल प्रत्येक थ्रेडला एक छोटा पूर्णांक देतो. प्रोग्राम सुरू होताना जो पहिला थ्रेड असतो, त्याचा क्रमांक आणि प्रोग्रामचा क्रमांक एकच. नंतर जन्मणाऱ्यांना पुढचे. हे क्रमांक वाढत जातात आणि ठरलेल्या मर्यादेला पोचले की पुन्हा खालून सुरू होतात. ६४ बिटी लिनक्सवर ही मर्यादा जास्तीत जास्त ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते, त्यामुळे पुनरावृत्ती व्हायला वेळ लागतो. गंमत म्हणजे हा क्रमांक विचारणारे सरळ फंक्शन लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीत २०१९ मध्ये आले. तोवर लोक कर्नलला थेट सिस्टम कॉल करून तो काढत. शिवाय प्रोग्राम डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर आतून दिसणारा क्रमांक आणि बाहेरून दिसणारा क्रमांक वेगळे असतात.

याच लिनक्सवर जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या चुका शोधायचे साधन, लावून ‘इन्फो थ्रेड्स’ अशी आज्ञा द्या. प्रत्येक थ्रेडपुढे तीन ओळखी दिसतील: जीडीबीने स्वतः दिलेला १, २, ३ असा अनुक्रमांक, तो लांबलचक पत्ता, आणि कर्नलचा क्रमांक. व्यक्ती एक, ओळखी तीन. लॉगमध्ये यांपैकी कोणती छापली आहे हे ठाऊक नसेल, तर लॉग आणि डीबगर यांचा मेळ बसत नाही.

विंडोजवर गेलो की नियम बदलतात. तिथे थ्रेडला ३२ बिटी क्रमांक मिळतो आणि तो ४ च्या पटीत असतो: ९०५६, ११२८४ असा. कारण हे क्रमांक ज्या यंत्रणेतून वाटले जातात, तीच यंत्रणा हँडल, म्हणजे फाइलीसारख्या वस्तूंचे आकडी बिल्ले, वाटते आणि हँडल चारच्या पटीत असतात. अर्थात हा आतल्या रचनेचा परिणाम आहे, दिलेले वचन नव्हे. त्यावर विसंबून कोड लिहू नये. विंडोजची खरी फसवी जागा दुसरीच आहे. ‘गेट करंट थ्रेड’ आणि ‘गेट करंट थ्रेड आयडी’ अशी दोन फंक्शने शेजारी-शेजारी राहतात. दुसरे खरा क्रमांक देते. पहिले मात्र नेहमी एकच किंमत देते, उणे दोन. कुठल्याही थ्रेडमधून विचारा, उणे दोन. त्याचा अर्थ ‘जो विचारतो आहे तो’ असा आहे. घाईत पहिले फंक्शन वापरून लॉग लिहिला, तर सगळ्या नोंदी एकाच थ्रेडच्या वाटतात आणि कुलपाची चूक असूनही सगळे आलबेल दिसते.

मॅकवर ६४ बिटी क्रमांक मिळतो. तो साऱ्या सिस्टममध्ये वेगळा असतो आणि या कामाला तिघांत तो सर्वांत सोयीचा आहे.

आपला प्रोग्राम तिन्हीकडे चालायचा असेल तर लॉगसाठी स्वतःचाच अनुक्रमांक द्यावा, हे माझे ठाम मत आहे. एक सामाईक गणक ठेवायचा, जो दोघांनी एकदम वाढवला तरी चुकत नाही. प्रत्येक थ्रेडला एक स्वतःपुरता चल द्यायचा. तो त्या एफएस किंवा जीएसने दाखवलेल्या भागातच राहतो. थ्रेड पहिल्यांदा बोलला की गणकातून पुढचा अंक उचलायचा आणि मरेपर्यंत तो बाळगायचा. सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून हे दोन ओळींत जमते. अंक लहान राहतात, पुन्हा वापरले जात नाहीत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे सारखे दिसतात. प्रत्येक थ्रेडच्या पहिल्या नोंदीत या अंकासोबत कर्नलचा क्रमांकही एकदा लिहून ठेवला, की डीबगरशी सांधा जुळतो.

पण रात्री अकराला सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला ‘३’ आणि ‘४’ पेक्षा ‘काटा’ आणि ‘पट्टी’ अधिक सांगतात. नावांचा भाग तर आणखीच रंजक आहे.

१९९५ साली युनिक्सच्या कुळातल्या प्रणालींसाठी पॉझिक्स थ्रेडांचे मानक आले, त्यात थ्रेडला नाव देण्याची सोयच नव्हती. मग ज्याने त्याने आपापली केली. लिनक्सवर एक थ्रेड दुसऱ्याचे बारसे करू शकतो. मॅकवर थ्रेडला फक्त स्वतःचे नाव ठेवता येते, दुसऱ्याचे नाही. विंडोजवर तर कित्येक वर्षे नाव सांगायचे म्हणजे प्रोग्रामने एका ठरावीक क्रमांकाची खोटी आपत्ती (एक्सेप्शन) उभी करायची. डीबगर जोडलेला असेल तर तो ती मधेच झेलून नाव लिहून घ्यायचा. डीबगर नंतर जोडला तर नाव हवेत विरलेले असायचे. २०१६ मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत नाव ठेवण्याचे सरळ फंक्शन आले आणि ते नाव कर्नल जपून ठेवू लागला. या तिन्ही रीतींतून सगळीकडे चालणारी एकच वाट निघते: थ्रेड जन्मला की त्याने पहिल्याच ओळीत स्वतःचे नाव स्वतः सांगायचे.

नाव किती लांब असावे? लिनक्सचा कर्नल त्यासाठी १६ बाइट ठेवतो आणि त्यातला शेवटचा समाप्तीच्या शून्याचा. उरले १५. मोठमोठ्या कंपन्यांनाही यातून सुटका नाही. क्रोम ब्राउझरमधल्या ‘क्रोम चाइल्ड आयओ थ्रेड’ या थ्रेडचे नाव रोमन लिपीत २० अक्षरांचे आहे. लिनक्सच्या यादीत त्याच्या शेवटच्या ‘थ्रेड’ शब्दाचे फक्त पहिले अक्षर शिल्लक दिसते.

आता हेच मराठीत करू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे. म्हणजे १५ बाइटांत बरोबर पाच चिन्हे. ‘कळवण’ चार चिन्हांचे, १२ बाइट; आरामात बसते. ‘गिरणा’ मोजा: ग, वेलांटी, र, ण, काना. पाच चिन्हे, १५ बाइट, एकही जागा वाया नाही. ‘अभोणा’ही तसेच, ‘नाशिक’ही तसेच. आपल्या प्रोग्रामचे चारही थ्रेड तपासून पाहा: ‘आवक’ ९, ‘काटा’ १२, ‘लिलाव’ १५, ‘पट्टी’ १५. सगळे बसले. ‘सप्तशृंगी’ मात्र ९ चिन्हांचे, २७ बाइटांचे. ते बसणार नाही. आणि न बसणाऱ्या नावाचे काय होते हेही ठरलेले आहे. पीथ्रेडच्या फंक्शनने नाव दिले तर ते चूक कळवते आणि नाव अजिबात लागत नाही. कर्नलला दुसऱ्या मार्गाने थेट सांगितले तर तो निमूटपणे कापतो, आणि ‘सप्तशृंगी’चे ‘सप्तश’ होते, ‘वजनकाटा’चे ‘वजनका’. ‘हिशेबपट्टी’चे नशीब थोर, त्याचे ‘हिशेब’ उरते. सुरुवातीला एखादे रोमन अक्षर जोडले, तर कात्री पाचव्या चिन्हाच्या मधोमध चालते आणि शेवटी वाचता न येणारे दोन बाइट लोंबकळत राहतात. मॅकवर ६३ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची २१ चिन्हे. विंडोजवर अशी तोकडी मर्यादा नाही. तिन्हीकडे एकच नाव हवे असेल तर लिनक्सच्या पंधरात बसवावे.

नावांची किंमत किती, हे एका यानाने दाखवून दिले आहे. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. दुरुस्तीला तिथे जाणार कोण? नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रोग्राम चालवून कोणते काम केव्हा चालू झाले आणि केव्हा थांबले याची बारीक नोंद घेतली, तेव्हा गुंता उलगडला. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक कुलूप धरून बसले होते. माहितीची वाहिनी सांभाळणारे अतिशय महत्त्वाचे काम त्या कुलपासाठी ताटकळत होते. आणि मधल्या महत्त्वाची कामे मधे घुसून हवामानाच्या कामाला पाळीच येऊ देत नव्हती. वाहिनीचे काम वेळेत झाले नाही हे पाहून पहारेकरी काम सगळी यंत्रणाच पुन्हा सुरू करत होते. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरते ताटकळणाऱ्याचे महत्त्व द्यायचे, अशी एक सोय त्या प्रणालीत आधीपासून होती, ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि यान शहाण्यासारखे वागू लागले. प्रत्येक कामाला नाव नसते, तर त्या नोंदींच्या ढिगातून ‘हवामान’, ‘वाहिनी’ आणि ‘पहारेकरी’ वेगळे कसे निघाले असते?

हा प्रश्न सगळ्याच समांतर यंत्रांना सारखा पडत नाही. आपल्या महाराष्ट्रात समांतर गणनेचे मोठे पाऊल पडले ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये, १९९१ च्या परम ८००० ने. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला स्वतःची मेमरी होती. तिथे कोणाच्या मेमरीत काय घडले यावरूनच कुणी केले हे बरेचसे कळे. सामाईक मेमरीच्या थ्रेडांमध्ये हा आधार जातो. त्या गोंधळाला शिस्त लावणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या सरिता अडवे यांचे नाव अग्रभागी आहे. १९९० मध्ये मार्क हिल यांच्यासह त्यांनी मांडलेला विचार असा, की प्रोग्रामात ‘काटा’ आणि ‘पट्टी’ यांच्यासारखी दोन थ्रेडांची डेटासाठी शर्यत नसेल, तर हार्डवेअर आतून काहीही उलथापालथ करो, प्रोग्रामरला सगळे क्रमाने घडल्यासारखेच दिसले पाहिजे. जावा आणि सी प्लस प्लस या भाषांच्या आजच्या मेमरीविषयक नियमांचा पाया हाच आहे, आणि ते नियम घडवण्यातही त्यांचा हात आहे.

शर्यत पकडणारी साधनेही आता आहेत. थ्रेड सॅनिटायझर हे साधन लावून आपला कांद्याचा प्रोग्राम लिनक्सवर किंवा मॅकवर चालवला, की तो प्रत्येक वाचन-लेखनाचा मागोवा ठेवतो आणि सांगतो: या ओळीवर ‘काटा’ने लिहिले, त्या ओळीवर ‘पट्टी’ने वाचले, मधे कुलूप नाही, आणि हे दोन थ्रेड अमुक ओळीवर जन्मले. नाव दिलेले असेल तर नावानिशी सांगतो. एरवी अशा चुका डीबगर लावला की दडी मारतात, कारण पाहण्याच्या खटाटोपाने वेळेचे गणितच बदलते. लॉगच्या चार ओळी वाढवल्या तरी ती नॅनोसेकंदांची फट हलते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या लेखात अशा चुकांना हायझेनबग म्हटले आणि ते नाव रूढ झाले. म्हणून चूक दिसल्यावर ओळखी चिकटवण्यापेक्षा त्या पहिल्या दिवसापासून असलेल्या बऱ्या.

हे सगळे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कळवणच्या कॉलेजातल्या एखाद्या लिनक्सच्या संगणकावर टॉप ही आज्ञा थ्रेड दाखवण्याच्या पर्यायासह चालवा आणि ब्राउझर उघडा. डझनावारी थ्रेड आपापली नावे घेऊन वर-खाली होताना दिसतील, त्यातली कित्येक पंधराव्या बाइटवर कापलेली. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे, तिथेही हीच मर्यादा. आणि तुम्ही स्वतः पहिला थ्रेड लिहाल तेव्हा त्याच्या पहिल्या ओळीत त्याला नाव द्या. देवनागरीत दिले तरी चालेल, फक्त पाच चिन्हांत बसवा.